कुत्र्याचा फॉर्म

आमच्या फॉर्मवर कुत्र्याला नऊ रकाने आहेत,
माणसाला चार.
नाव, वय, जात, वजन, रंग,
रेबीजची लस कधी टोचली,
चावतो का, वादळाला घाबरतो का,
रात्री एकटा राहील का.
कॉर्लिस ड्रेनन चष्मा वर ढकलत सगळं भरत गेली,
शेवटच्यापाशी थांबली
नि लिहिलं : करून बघितलं नाही.

कुत्र्याचं नाव मफलर.
गळ्यातला नव्हे, गाडीचा.
नवऱ्याच्या गॅरेजात तसल्याच एका गंजक्या नळीखाली सापडला म्हणून.
आता चौदा वर्षांचा, एका कानानं ठार बहिरा,
मागचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर पडतात.

अमारिलोहून आलेली सव्वीस फुटी गाडी.
चढावर वेफर्सचं पाकीट फुगून टम्म झालेलं,
ते तिनं काउंटरवर ठेवलं.
"सात हजार फुटांवर न खाताच पोट भरतं हो,"
म्हणाली, आणि एकटीच हसली.
किती रात्री?
चौदा.

सांता फेला फिरायला येणारे तीन म्हणतात,
फार तर पाच.
चौदा ही आमच्या पार्कची शेवटची हद्द.
तेवीस वर्षं मी या खिडकीत बसते.
चौदा म्हणणाऱ्यांच्या गाडीत इस्त्री असते,
नाताळच्या काचेच्या गोळ्या असतात,
भिंतीवरचं घड्याळ असतं.
मी विचारत नाही.
"सहल?" एवढंच म्हणते.
"सहल," ती म्हणाली.

आमचं गाव कुत्र्यांवर जीव टाकतं.
दर उंबऱ्याशी पाण्याचं भांडं,
चांदीच्या दुकानातला एलिगिओ खिशात बिस्किटं बाळगतो.
चौकातल्या बाकांना मात्र मधोमध लोखंडी दांडे,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.
मफलर बाकाखाली खुशाल ताणून द्यायचा.
वर ती, ताठ.

तिसऱ्या दिवशी पंजात सराटे रुतले.
कोरड्या पात्रातून गेली होती त्याला घेऊन;
आमची नदी नावाची नदी.
मी चिमटा घेऊन गेले.
घड्याळ होतं.
अमारिलोच्या वेळेवर, एक तास पुढे.
"लावून घ्या की इथली वेळ."
"नको, त्याच्या जेवणाची वेळ चुकते," ती म्हणाली.
कुणाच्या, ते मी सराटे मोजत असताना
विचारायचं राहिलं.

शेगडीवर घेवडा तीन तास रटरटत होता.
इथं असंच.
पाण्याला उकळी लगेच,
शिजायला मात्र जन्म जातो.

शनिवारी माझा भाचा फाटकाशी
लोखंडी पिंपात हिरव्या मिरच्या भाजत होता.
मफलर सात वेळा शिंकला.
ती मोठ्यानं मोजत होती,
आणि सातनंतर, उगाच, आठ म्हणाली.

चौदाव्या रात्री वारा सुटला.
डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ, पिठाच्या हातासारखा.
मालक फिनिक्समध्ये बसून रजिस्टर बघतो.
मी कोरा फॉर्म काढला.
पाहुण्याचं नाव : श्री. मफलर ड्रेनन.
मुक्काम : चौदा रात्री.
सोबत : एक.
मग खालचे रकानेही भरत सुटले :
चावत नाही. लस माहीत नाही.
वादळाला घाबरते का,
यावर टेबलावरचा दिवा थोडा वेळ पेटवून ठेवला.
नववा रकाना सोडून दिला.

मालकाला कळलं की नाही, देव जाणे.
तिनं मात्र फॉर्म पाहिला.
दुसऱ्या दिवशी खिडकीत डबा, घेवड्याचा,
जरा कच्चाच.

सहाव्या सकाळी जागा रिकामी.
वाळूवर टायरचे वळ, नळाला विसरलेला हिरवा पाइप,
त्याचं वाटीएवढं भांडं उपडं घातलेलं.
कुठं गेली?
आमच्या फॉर्मवर 'कुठून' असतं,
'कुठं' हा रकाना कुणी छापलाच नाही.

भांडं मी पायरीशी ठेवलंय.
डोमकावळा येतो, पितो,
चोचीत कोरडी पोळी आणून भिजवतो त्यात,
नि माझ्याकडं असा बघतो
की मीच इथं नव्यानं आलेय.